खारगढीची माती

“एकही झाड नको! तटापासून इथपर्यंत गवताचं पातंसुद्धा दिसता कामा नये!” अपूर्वाने अंगणाच्या धुळीत काठीने एक भले मोठे वर्तुळ ओढले आणि हुकमावर शिक्का उमटवावा तशी काठी मधोमध टेकवली.

“घ्या! म्हणजे किल्ल्याला टक्कल!” मेघना किंचाळली.

“टक्कल नाही, इतिहास!”

“आळसाला हल्ली इतिहास म्हणतात काय गं?” राजरत्नने विचारले, आणि घोडपदेवच्या पाटणकर चाळीच्या अंगणात हशा पिकला.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती आणि रिवाजाप्रमाणे चाळीचा किल्ला चौघांच्या स्वाधीन झाला होता. आठवीतला राजरत्न हा सेनापती. सातवीतली मेघना कोणाचीही हुबेहूब नक्कल करणारी. तिचा धाकटा भाऊ लवू चिखल कालवण्यात आणि फराळ संपवण्यात कोणालाही हार न जाणारा. आणि चौथी अपूर्वा, मेघनाच्याच वर्गातली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोके आपटलेले बरे, असे खुद्द तिच्या आईचेच मत होते!

“आधी ऐका तरी!” अपूर्वा म्हणाली. “तट उभा राहतो चुन्यावर. चुना भाजायला भट्टी लागते, भट्टीला लाकूड लागतं. शिवाय दरवाजे, तुळया, पागा! सायनपुढच्या चुनाभट्टीला ते नाव काय उगाच पडलं? तट पुरा होईपर्यंत आसपासचं रान भट्टीत गेलेलं असायचं. उरलंसुरलं तोडायचे, कारण शत्रूला लपायला जागा नको!”

“अर्धवट!” राजरत्नही काही कमी नव्हता. “डोंगरी किल्ल्यांवर उलटा कायदा होता. पायथ्याच्या घेऱ्यातली झाडी मुद्दाम राखायचे. शत्रूला वर चढायची वाटच सापडू नये म्हणून!”

“डोंगरी! पण वसंतकाकांनी यंदा आपल्याला खारगढी करायला सांगितलीय. ती आहे खाडीकाठी!”

“बस करा ना यार,” लवू कळवळून म्हणाला. “अळीव पेरलं की मस्त हिरवंगार दिसतं. हिरवं दिसलं की स्पर्धेचे परीक्षक खूश. विषय संपला!”

मतदान झाले. तिघांचे हात झाडीसाठी वर गेले. अपूर्वाचा चेहरा लाल झाला. “पेरा, पेरा! उगवलं नाही की मग बघा!” असे फणकारून तिने काठी फेकून दिली. रागाच्या भरात सुटलेला शब्द पुढे कोणाच्या हाती शस्त्र म्हणून लागेल, याचा विचार त्या वयात कोण करतो?

तेवढ्यात चाळीच्या दारात टेम्पो येऊन थांबला. पुढच्या सीटवरून उत्सव समितीचे अध्यक्ष वसंतकाका उतरले, ते जणू लढाई जिंकूनच.

“आरती आणा, आरती! पोत्यांत माती नाही आलेली, इतिहास आलाय! खारगढीच्या खंदकातली अस्सल माती!”

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे खाडीकडे तोंड करून एक जुनी गढी उभी होती. तिला कोणी पोर्तुगीजांची म्हणे, कोणी त्याहूनही जुनी म्हणे. यंदा तिची डागडुजी चालली होती आणि ठेकेदार हितेंद्रशेठ हे वसंतकाकांचे जुने स्नेही. त्यांनीच ही माती मोठ्या मनाने देऊ केली होती.

“या मातीवर घोड्यांच्या टापा उमटल्यात, पोरांनो!”

“काका, खंदकात घोडे कशाला उतरतील?” अपूर्वाने विचारले.

वसंतकाकांनी तिच्याकडे असे काही पाहिले की मेघनाने तोंडावर हात दाबला.

पोती उतरताच बायकामाणसे जमली. कोणी चिमूटभर माती देव्हाऱ्यात ठेवायला नेली, कोणी कपाळाला लावली. पहिल्या मजल्यावरच्या रमाबाईंनी तर घमेले भरून घेतले. “तुळशीचं लगीन जवळ आलंय. वृंदावनात ह्याच मातीची भर घालतंय. किल्ल्याची माती ती! तुळस कशी तरारून येईल बघा!”

किल्ला झकास उभा राहिला. बुरूज झाले, विटांच्या चुऱ्याची पायवाट झाली, आरशाच्या तुकड्याची खाडी झाली. उतारांवर अळीव पेरले गेले.

आता अळीव हे बी मोठे उतावळे. ओल लागायचा अवकाश, की ते डोळे उघडते. पण दिवस उलटले, शेजारच्या चाळीचा किल्ला हिरवागार झाला, तरी खारगढीच्या उतारांवर हिरवा ठिपका म्हणून दिसेना! उंदरांवर संशय घेऊन झाला, चिमण्यांवर घेऊन झाला, शेजारच्या चाळीतल्या पोरांवर तर सर्वांत आधी घेऊन झाला. आणि मग, सगळे किल्ल्याभोवती डोके धरून बसलेले असताना, वरच्या गॅलरीतून रमाबाईंचा आवाज आला.

“मी बघलंय गो! सकाळी ही अपूर्वा एकटीच डबा घेऊन किल्ल्यावर कायतरी ओतत होती!”

“पाणी होतं ते!” अपूर्वा उसळून म्हणाली. “सकाळचं पाणी घालायची पाळी माझीच होती!”

“नुसतं पाणी?” वसंतकाकांनी भुवया उंचावल्या. “की मिठाचं पाणी?”

“काका!”

“ती म्हणाली होती ना, उगवलं नाही की मग बघा...” लवू बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळताच त्याने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

“अस्सं!” वसंतकाका सावकाश म्हणाले. “वादात हरलीस म्हणून चाळीचा किल्ला नासवलास? आजपासून या मुलीने किल्ल्याजवळ फिरकायचं नाही!”

अपूर्वाने राजरत्नकडे पाहिले. तो बुरुजाचा एक दगड उगाचच पुन्हा पुन्हा नीट बसवत राहिला.

वसंतकाका तेवढ्यावर थांबले नाहीत. जिना चढून त्यांनी गॅलरीतल्या दारोदार ही वार्ता पोचवली. दिवेलागणीपर्यंत चाळीत एकही घर असे उरले नाही, जिथे अपूर्वाच्या नावाने चुकचुकाट झाला नाही. आणि जेवताना आईने पोळी वाढता वाढता हळूच विचारले, “अपू, तू खरंच काही केलं नाहीस ना गं?” तेव्हा मात्र ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाआड, तीन बश्या मांडून बसली. डोळे सुजले होते, पण डोके ताळ्यावर होते. पहिल्या बशीत ओला कापूस. दुसरीत आईच्या कढीपत्त्याच्या कुंडीतली माती. तिसरीत किल्ल्यासाठी आणलेल्या, रिकाम्या पोत्याच्या तळाशी उरलेली माती. तिन्हींत एकाच पुडीतले अळीव, एकाच नळाचे पाणी. बी किडके असेल तर कुठेच उगवणार नाही. पाणी वाईट असेल तरी नाही. आणि जर...

“काय चाललंय?”

पिंपामागून मेघनाचे डोके वर आले.

“तुला काय करायचंय? राजरत्नने पाठवलं ना तुला?”

“हो,” मेघना सरळ म्हणाली. “तुझ्यावर नजर ठेवायला.”

“मग ठेव की! आणि सांग त्याला, कदाचित त्यानेच अळीव भाजून पेरलं असेल आणि आळ माझ्यावर घेतला असेल!”

“ए, वेडी आहेस का? तो पेरणीआधी अळिवाला नमस्कार करत होता!”

हसू नको म्हटले तरी अपूर्वाला हसू फुटले. मेघना शेजारी मांडी घालून बसली. हेरगिरी करायला आलेली ती, पण त्या दिवसापासून बश्यांवर पाणी शिंपडायला तीच अपूर्वाच्या आधी हजर राहू लागली.

कापसावरचे अळीव उगवले. कुंडीतल्या मातीतले उगवले. खारगढीच्या मातीतले तसेच पडून राहिले, भिजून काळवंडलेले.

मेघनाने राजरत्नला आणि लवूला ओढतच वर आणले. राजरत्नने बश्यांकडे पाहिले. जागा बदलून पाहिल्या. बोटाने माती उकरून पाहिली.

“म्हणजे माती...” तो पुटपुटला.

“म्हणजे माती!” अपूर्वा म्हणाली. “मी नाही!”

“सॉरी,” राजरत्न मान खाली घालून म्हणाला.

“काय? ऐकू नाही आलं!”

“सॉरी म्हटलं ना! आता काय दवंडी पिटू?”

इतक्यात खालून रमाबाईंचा हंबरडा ऐकू आला. चौघे धावत खाली गेले. वृंदावनातली तुळस पार माना टाकून उभी होती आणि पाने जमिनीवर गळून पडली होती.

“हिच्यावर काय ओतलं मी?” अपूर्वाने रमाबाईंना विचारले.

हंबरडा ऐकून आलेल्या वसंतकाकांना मात्र हे पटेना. “खऱ्या किल्ल्याच्या मातीला नावं ठेवता? हितेंद्रसारख्या सज्जन माणसावर संशय घेता? चला, आत्ताच्या आत्ता गढीवर चला! तिथेच, त्याच्यासमोर या मुलीला माफी मागायला लावतो!”

“चला!” अपूर्वा म्हणाली. “माफी मागायची वेळ आली, तर मागेन. पण आधी डोळ्यांनी बघू!”

रुळांवरचा पूल ओलांडून, गोदामांच्या लांबलचक भिंतींच्या कडेने मंडळी गढीपाशी पोचली, तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. चिखलाचा खारा वास नाकात भरला. समोर काळाकभिन्न तट, मध्ये उथळ खंदक, आणि पलीकडे ओहोटीने उघडा पडू लागलेला खाडीचा चिखल. काठाने तिवरांची दाट झुडपे उभी होती.

“थांबा,” अपूर्वा दबक्या आवाजात म्हणाली. “तिवरं बघा. उजवीकडची हिरवी आहेत. डावीकडची?”

डावीकडे खंदकाचे पाणी जिथून खाडीला मिळे, त्या फळ्यांचे दार लावलेल्या दगडी तोंडाशी तिवरांचा एक पट्टा पिवळा पडला होता. अंगणात पसरलेल्या हळदीसारखा पिवळा! खंदकाच्या काठावर गवत नव्हते. तटाच्या सांध्यांत शेवाळाचा एक ठिपकाही नव्हता. इतक्या जुन्या भिंतीवर एकही रोपटे नसावे?

“तटावर बघ,” राजरत्नने बोट दाखवले. “दगडात पन्हळी कोरल्यात. वर पडलेला पाऊस सगळा खंदकात उतरावा म्हणून.”

अपूर्वाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “म्हणूनच रे! किल्ला बांधणाऱ्यांनी या जागेचं पाणीच वळवून टाकलं. वर जे पडेल ते तटावरून खंदकात, खंदकातून खाडीत. पाऊस पडला तर पाऊस. आणि कोणी दुसरं काही ओतलं, तर तेसुद्धा त्याच वाटेने!”

“पण कोण कबूल करणार आहे?” लवूने विचारले.

दरवाजाला लागूनच, ताडपत्रीखाली, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांची रांग होती. अपूर्वाने ती पाहिली, मग दरवाजाच्या आतली पहारेकऱ्यांची देवडी पाहिली. अंधारा, थंडगार कोनाडाच तो. पिंपांच्या आणि देवडीच्या मध्ये केवळ एक भिंत! तिने मेघनाच्या कानात काहीतरी सांगितले आणि आज्ञाधारक चेहरा करून ती वसंतकाकांकडे वळली.

“काका, तुम्हाला दम लागलाय. इथे देवडीत सावलीला बसा. आम्ही हितेंद्रशेठना बोलावून आणतो.”

“आता सुचलं शहाणपण!” असे म्हणत काका धोतराच्या सोग्याने वारा घेत आत टेकले.

हितेंद्रशेठ गढीच्या आत, छत्रीखाली खुर्ची टाकून मोबाइलवर बोलत होते. मेघना त्यांच्यासमोर गेली आणि क्षणात तिचा चेहराच बदलला. ओठ थरथरू लागले, डोळ्यांत पाणी तरारले!

“शेठजी, एक विचारू? आमच्या चाळीच्या भिंतीत पिंपळ शिरलाय हो! तोडला की पुन्हा येतो. सगळे थकले. आणि तुमची ही गढी! एवढी मोठी, पण गवताचं पातंसुद्धा नाही! कशी काय केलीत ही जादू?”

स्तुती कोणाला नको असते? हितेंद्रशेठची मिशी फुलली. “जादू बिदू काय नाय गं! ट्रिक आहे. ये, दाखवतो!”

मेघना त्यांना बोलण्यात गुंतवत थेट पिंपांपाशी घेऊन आली.

“हे बघ. तणनाशक! पिंपळाची मुळं हातांनी काढायची म्हटली तर किती दिवस जातील, कल्पना आहे? तसंच काढा म्हणून सांगितलंय मला. पण एवढा टाइम कोणाकडे आहे? तटावरून पिंपंच्या पिंपं सोडली. काम खल्लास! आता इथे काही उगवून दाखव!”

“पण ते खंदकात नाही उतरलं?” अपूर्वाने अगदी भोळेपणाने विचारले.

“उतरलं की! म्हणून तर गाळ उपसला. आता गाळ टाकायचा कुठे, हे टेन्शन. तर घोडपदेवला एक येडा दोस्त आहे आपला, वसंत म्हणून. त्याला म्हटलं, किल्ल्याची पवित्र माती आहे. अरे, टेम्पो घेऊन आला! वर मलाच पेढे देऊन गेला! हॅ हॅ हॅ!”

“आणि खंदकात उरलेलं हे पाणी?” राजरत्नचा आवाज कोरडा पडला होता.

“ते काय, आज ओहोटी पुरी लागली की तोंड उघडून देतो. खाडी कोणाच्या बापाची आहे? तुमच्या पिंपळाला पण नेता काय बाटलीभर?”

“नेतो की!” भिंतीपलीकडून आवाज गरजला. “पण बाटली नाही, हितेंद्र! अख्खं पिंप नेतो, आणि तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो!”

देवडीच्या अंधारातून वसंतकाका बाहेर आले. चेहरा रागाने की लाजेने लाल झाला होता, हे त्यांनाही सांगता आले नसते. हितेंद्रशेठच्या हातून मोबाइल खाली पडला.

“वसंता... अरे, मी मस्करी करत होतो...”

“मस्करी? त्या मातीचा टिळा लावलाय रे मी! कपाळाला लावलीय ती!”

राजरत्न आणि लवू एव्हाना खंदकाच्या तोंडाशी पळाले होते आणि फळ्यांच्या दारावर पाय रोवून उभे होते. “याला कोणी हात लावायचा नाही!” लवू बेंबीच्या देठापासून ओरडला. कामगारांनी फावडी खाली ठेवली आणि ते शेठकडे पाहू लागले. शेठ मात्र कोणाकडेच पाहत नव्हते.

वसंतकाकांनी फोन लावला. गढीची देखरेख करणाऱ्या खात्याच्या अधिकारी बाई दुपारपर्यंत आल्या. त्यांनी पिंपे पाहिली, तट पाहिला, पिवळी तिवरे पाहिली. काम थांबले, खंदकाच्या तोंडावर वाळूची पोती रचली गेली, आणि चाळभर वाटलेली माती तपासणीसाठी परत मागवायचे ठरले.

“हे पाणी आज खाडीत गेलं असतं, तर हा सगळा काठ वाळला असता,” बाई म्हणाल्या. “काठावर झुडपं उरली नसती, आणि चिखलातले खेकडेसुद्धा! जी जळली ती जळली, पण बाकीची वाचतील. हे ओळखलं कोणी?”

तिघांनी एकदम अपूर्वाकडे बोट केले. तिला पुढे ढकलले मात्र वसंतकाकांनी.

“बश्यांवर प्रयोग करून? शाबास!” बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “किल्ला म्हणजे नुसते दगड नव्हेत. त्याच्याखालची जमीन आणि भोवतालचं पाणीही त्याचंच असतं. आमच्या ठेकेदाराला जे कळलं नाही, ते तुला कळलं. आता चौघांनी साबणाने हात स्वच्छ धुवायचे बरं का, कोपरापर्यंत!”

संध्याकाळी पाटणकर चाळीतला किल्ला पुन्हा पोत्यांत भरला गेला. हातमोजे घालून पहिले पोते वसंतकाकांनीच उचलले. परीक्षक आले, तेव्हा अंगण झाडून लख्ख केलेले होते आणि स्पर्धेत दाखवायला चाळीकडे काहीही नव्हते. त्याचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही. लवूला तेवढे वाटले.

पोती गेली आणि वसंतकाकांनी अपूर्वाला हाक मारली. “चल माझ्याबरोबर.”

“कुठे?”

उत्तर न देता ते जिना चढले आणि पहिलेच दार त्यांनी ठोठावले.

“मी म्हणालो होतो, या मुलीने किल्ला नासवला. ते साफ खोटं होतं. विष मी आणलेल्या मातीत होतं. हिने ते शोधून काढलं.”

मग दुसरे दार. मग तिसरे. रमाबाईंनी तर ऐकता ऐकताच पदर डोळ्यांना लावला आणि “माझीच नजर फुटली होती गो बाय!” असे म्हणत अपूर्वाच्या हातात चकल्यांनी भरलेली ताटली कोंबली. अपूर्वाच्या पाठीमागे आता राजरत्न, मेघना आणि लवू यांचीही मिरवणूक लागली होती. लवू चकल्यांच्या मागे होता, हे सांगायला नकोच.

“काका, पुरे ना आता!” अपूर्वा लाजून कुजबुजली. “सगळ्यांना कळलंय.”

“गप्प!” वसंतकाका करड्या आवाजात म्हणाले. “आरोप दारोदार नेला होता मी. माफी काय कोपऱ्यात मागू?”

आणि ते पुढच्या दाराकडे वळले. शेवटचे दार अपूर्वाच्याच घराचे होते. तेही त्यांनी रीतसर ठोठावले आणि बाहेर आलेल्या तिच्या आईला तीच वाक्ये, एकही शब्द न गाळता, पुन्हा ऐकवली. “पोर तुमची भांडखोर आहे, वहिनी,” ते शेवटी म्हणाले. “पण अशी भांडखोर पोर प्रत्येक चाळीत एक तरी असावी!”

“मला ठाऊकच होतं,” आई म्हणाली.

“नव्हतं!” अपूर्वाच्या तोंडून निघून गेले. “तूसुद्धा विचारलं होतंस!”

लवूची चकली अर्ध्यावरच थांबली. आईने ओले हात पदराला पुसले.

“काका,” ती वसंतकाकांना म्हणाली, “तुमची सगळी दारं झाली ना? मग जरा बाहेर थांबा. एक दार माझंही राहिलंय.”

असे म्हणून तिने अपूर्वाचा हात धरला, तिला आत घेतले आणि दार लोटून घेतले.

“आत काय चाललंय?” थोड्या वेळाने लवूने दबक्या आवाजात विचारले.

“वाद,” राजरत्न म्हणाला.

मेघनाने दाराला कान लावला. आत कोणीच वाद घालत नव्हते.